अ आणि ब यांचं शिवणाचं दुकान

२ सप्टेंबर
पाठ्यपुस्तकातलं करारांचं प्रकरण लिहून संपलं एकदाचं! प्राचार्य म्हणतात, ‘मॅडम, पहिल्या वर्षाची पोरं आहेत, व्यवसाय कायदा जरा सोपा करून लिहा.’ सोपंच तर लिहितेय. अ ने ब ला कापड विकलं, अ ने ब ला फसवलं. याहून सोपं काय असतं?

४ सप्टेंबर
भाची आली होती. ताईची मुलगी, आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. ताईचा नि माझा अबोला, पण ही दोन्ही घरांत मांजरासारखी फिरते. पुस्तकाची पहिली वाचक तीच.

पानं चाळून म्हणाली, “मावशी, दरवेळी अ च कशी गं लबाड? आणि ब अगदी गरीब गाय! अ म्हणजे आई ना?”

काहीतरीच तुझं — म्हटलं. ती गेल्यावर परत वाचलं. ‘अ कोणाचं ऐकून घेत नाही.’ ‘अ ब वर कडाडली.’ कायद्याच्या पुस्तकात कुणी कडाडतं का? खोडलं.

५ सप्टेंबर
एका उदाहरणात अ ला फसू दिलं. बरं नाही वाटलं.

७ सप्टेंबर
शिवणाचं दुकान दोघींचं, निम्मंनिम्मं. मी सकाळी कॉलेज करून दुपारी मशीनवर. मग एकदा भर गिऱ्हाइकासमोर ताई म्हणाली, “हिचं माप कधी बरोबर आलंय?” मी कात्री ठेवली आणि निघाले, ती पुन्हा पायरी चढले नाही. दोन वर्षं होत आली.

चूक तिचीच. आजही हेच म्हणेन. पण दोघी सारख्याच हट्टी — एकीला झाकावं नि दुसरीला काढावं!

१० सप्टेंबर
भाची सांगून गेली — आईचा खांदा धरलाय, काम उरकत नाही. सोमवारपासून एक बाई येणार. माझ्या मशीनवर.

येऊ दे की! माझं काय जातंय!

जेवण गेलं नाही.

११ सप्टेंबर
भागीदारीचं प्रकरण लिहायला घेतलं. भाची शेजारी बसून प्रश्न विचारत होती.

“मुदत ठरलेली नसेल, तर भागीदारी मोडायची कशी?”

“तशी लेखी नोटीस द्यायची.”

“आणि एकजण नुसतीच रुसून घरी बसली तर?”

“तर भागीदारी चालूच. कायद्याला रुसवेफुगवे कळत नाहीत.”

वाक्य माझं मलाच आवडलं. पुस्तकात घातलं, जसंच्या तसं. पोरगी मात्र उगाच खीखी करत सुटली. पानं घरी नेते म्हणाली. आईला दाखवू नकोस हं — बजावलं. ‘छे गं!’ म्हणाली.

१२ सप्टेंबर
ताईची आठवण येते. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय? दुपारी तिच्याशिवाय करमत नाही मला. उद्या रविवार. परवा ती बाई येईल, माझी खुर्ची स्वतःच्या उंचीला लावून घेईल. मग संपलंच सगळं.

१३ सप्टेंबर
ताई दारात! चपलाही काढल्या नाहीत.

“मला नोटीस दिली होतीस?”

“कसली नोटीस?”

“भागीदारी मोडल्याची. लेखी.”

नाही, म्हटलं.

“मग उद्या दुपारी येऊन बस मशीनवर. त्या बाईला मी नको म्हणून सांगितलंय. भागीदार आहेस — रजा पुष्कळ झाली!”