मामाला हाताला धरून

माय, तू गल्लीसमोर माझ्या विरोधात बोललीस, ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं. दुष्काळाचा उन्हाळा होता. गारखेड्यात टँकरची वाट बघत उभ्या असलेल्या लोकांचीच सभा भरली. कोपऱ्यावरच्या घरात आमचं व्यसनमुक्तीचं केंद्र नुकतंच सुरू झालं होतं आणि मी तिथं नर्स होते. सुई टोचून नशा करणारे सकाळी यायचे. आम्ही दिलेली गोळी जिभेखाली ठेवून, ती विरघळेपर्यंत आमच्या नजरेसमोर बसायचे. गोळीनं अंगातली तडफड थांबते, माणूस कामावर जाऊ शकतो. लोकांना ते पटत नव्हतं. "नशा सोडवायला नशाच देता का, सिस्टर?" शेजारचे काका म्हणाले. "आमच्या पोरी याच रस्त्यानं क्लासला जातात." मी समजावत होते, तेवढ्यात तू हंडा खाली ठेवलास. "काका बरोबर बोलतेत. हितं नको हे. गावाबाहेर न्या." सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरी तू भाकरी थापत असताना मी विचारलं, असं का केलंस. तू तव्यावरची नजर न काढता म्हणालीस, "लोकांत राहायचंय आपल्याला. मेंढरं गेली, गाव सुटलं. आता ही गल्ली बी सोडायची का?" त्या दिवशी मी तुझ्या हातचं जेवले नाही.

नंतर लोक घरमालकाकडं खेटे घालायला लागले. कुणीतरी केंद्राच्या दाराला काळं फासलं. मामा तेव्हा चितेगावला कंपनीत होता, सुट्टीला आपल्याकडं यायचा. तुझा धाकटा भाऊ, दौलताबादला तू त्याला कडेवर घेऊन मेंढरांमागं हिंडलेली. एवढ्या उकाड्यात तो लांब बाह्यांचा शर्ट घालतो, हे माझ्यासारखीच्या लक्षात यायला हवं होतं. पण घरच्या माणसाकडं कोण तसं बघतं?

मग ती सकाळ. टँकर केंद्रासमोरच उभा आहे, पाइपावरून भांडण चाललंय, आणि गर्दीतून तू मामाचं मनगट घट्ट धरून येतेस. त्याच्या नाकातून पाणी गळतंय, पाय थरथरतायत. काका विचारतात, "मावशी, इकडं कुठं?" तू थांबून सांगतेस, "भावाला औषधाला नेतेय." भांडण जागच्या जागी थांबतं. आत आल्यावर तू मला म्हणालीस, "काल मोरीत पडला व्हता. ओठ निळे झालते. सुईचं मला लई दिवसापास्नं ठाऊक व्हतं. वाटलं, हे केंद्र गेलं तर ह्याचं कुणाला कळणार नाय." डॉक्टरांनी त्याला तपासलं, गोळी लिहून दिली. ती विरघळेपर्यंत तू त्याच्यासमोर बसून राहिलीस.

म्हणून लोकांचं मन पालटलं असं नाही. नळावर बायका तुझ्याशी बोलेनाशा झाल्या आणि पावसाळ्याआधी घरमालकानं आम्हाला जागा सोडायला लावली. केंद्र पैठण रस्त्याच्या बाजूला गेलं. मामा तिथं येत राहिला. मधे घसरला, तू त्याला परत आणलंस. तू गेल्यावर तो एकटा यायला लागला, अजून येतो. वेल्डिंगच्या दुकानात काम करतो, लग्न झालंय, मुलगी आहे. लोक विचारतात, अजून गोळी सुटली नाही का? मी म्हणते, माणूस जिता आहे, आधी ते बघा.

आता त्या बाजूलाही शेतं जाऊन कॉलन्या झाल्यात, आणि तिथले लोक तेच म्हणतायत जे गारखेड्यात म्हणत होते. आज संध्याकाळी सभा आहे. मामा म्हणाला, "मी उभा राहून सांगतो. माझ्याकडं बघा म्हणावं." त्याच्याइतकं पटेल असं माझ्याकडं काही नाही, हे मला कळतं. पण दुकानमालकाला यातलं काही माहीत नाही. मामाच्या मुलीच्या शाळेतलेही लोक सभेला असणार.

माय, तुला वाचता येत नव्हतं; तू असतीस तरी हे पत्र तुला मीच वाचून दाखवलं असतं, आणि इथवर आल्यावर थांबले असते. मी मामाला सांगितलंय, सभा उद्या आहे.