सतराव्याचा चेहरा

६ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! बसने वळणावळणांवर आतडी पिळून काढली, पण व्हाल्कूना गाव दिसलं आणि सगळं विसरलो. जुन्या शाळेतला वर्ग मला दिलाय. उत्तरेची मोठी खिडकी, ऐसपैस टेबल, वर निजायला खोली. किल्ल्या सांभाळणाऱ्या आन्चिलाबाईंनी पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, आणि तळलेलं चीज पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, एवढीशी हाडं घेऊन चार तारखेपर्यंत टिकणार का तुम्ही? खा आधी!

पहिल्या महायुद्धात या गावची तुकडी समोरच्या सुळक्यावर चढली, त्या चढाईचा देखावा करायचाय. प्लॅस्टरचा डोंगर तयार आहे, माणसं मी घडवायची. बोटभर उंचीचे चोवीस शिपाई. ४ नोव्हेंबरला गाव आपल्या मृत शिपायांची हजेरी घेतं, त्याच दिवशी उद्घाटन. आणि डोंगराच्या पायथ्याशी पितळी पट्टी, तिच्यावर माझं नाव : इव्हानो झानोल्ली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावावर शिपाई घडवले. मोठमोठ्या संग्रहालयांत उभे आहेत, पण एकाखालीही मी नाही. साठीला दोनच वर्षं उरलीत. आता नाही तर कधी?

९ ऑक्टोबर
खोक्यातले तयार शिपाई म्हणजे एका साच्यातली भावंडं. सगळे परेडला निघाल्यासारखे ताठ. डोंगर चढणारा माणूस असा चढतो का? घेतली करवत आणि कापले मानेत, कोपरात, गुडघ्यात. पितळी तार घालून वाकवले, फटींत पुट्टी भरली. चेहरे मात्र मुळापासून करायचे. दफनभूमीत थडग्यांवर फोटो आहेत, तिथे उकिडवं बसून तेवीस चेहरे वहीत काढून आणले. कुणाचं नाक बसकं, कुणाची भुवई अर्धीच.

दोरीनो मास्तर सोबत होते. निवृत्त शिक्षक, दरवर्षीची हजेरी तेच घेतात. चोविसावा कुठाय, असं विचारलं तर चष्मा पुसायला लागले. म्हणे तो यादीतला सतरावा. चढाईच्या आदल्या दिवशी पळाला, सापडला, आणि उरलेल्या तेवीस जणांनाच त्याच्यावर बंदुका धरायला लावल्या. दुसऱ्या दिवशी ते तेवीसही सुळक्यावर मारले गेले. स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव कोरलं नाही, फोटो जाळून टाकला. हजेरीत सोळाव्या नावानंतर मास्तर एक श्वास थांबतात आणि त्या वेळात सगळं गाव चिडीचूप. त्याची आकृती हवी, पण पाठमोरी. कोटाचं टोपडं डोक्यावरून ओढलेली, बिनचेहऱ्याची. रिकामी जागा रिकामीच बरी, असं दोनदा बजावलं मला. बरं बाबा.

१५ ऑक्टोबर
वैताग आहे नुसता! थंडीने पुट्टी धरत नाही. काल मिशी केली, आज बघतो तर हनुवटीवर ओघळलेली. दिव्याखाली शेकवत बसलो तर एकाचा कान करपला. आन्चिलाबाईंना तेवढीच मजा. लहानपणी बहिणीने बाहुल्यांना हात लावू दिला नसेल, म्हणून आता हातपाय तोडताय का, म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तुमचं तोंड वितळवायला लागलं तर अख्ख्या गावाचं सरपण पुरणार नाही. खो खो हसल्या आणि ग्राप्पा ओतून दिली, इथली द्राक्षांची कडक दारू.

२२ ऑक्टोबर
तेवीस झाले. झकास झालेत, माझं मीच म्हणतो. आणि मधोमध हा सतरावा, टोपडं ओढलेला ठोकळा! चेहरा जमत नसला की शिकाऊ लोक हेच करतात. डोकं झाकायचं आणि पाठ करून उभं करायचं. पाहणारा पट्टीवर माझं नाव वाचणार आणि म्हणणार, झानोल्लीला तेविसातच दम लागला. तीस वर्षं थांबलो ते यासाठी?

दुपारी टोपडं कापून काढलं, आरसा समोर ठेवला आणि त्याला माझाच चेहरा दिला. आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे ही. गर्दीतल्या एकाला कारागीर आपलं तोंड देतो. वाटाण्याएवढ्या डोक्यात कोण ओळखणार? त्याला लोकांकडे वळवला, डाव्या टाचेत भोक पाडलं, तार घालून डोंगरात पक्का रोवला. आज पोटभर जेवलो.

२५ ऑक्टोबर
चौथ्याला कुणीतरी हात लावलाय. त्याची बंदूक सुळक्याकडे होती, आता खाली वळलीय. आन्चिलाबाईंवर ओरडलो. फडका मारताना धक्का लागला असेल तर सरळ कबूल करा, म्हटलं. त्या भडकल्या. तुमच्या बाहुल्यांना मी चिमट्यानेसुद्धा शिवणार नाही, म्हणाल्या. खांदा कापला, परत जोडला. सगळा दिवस वाया.
डावी टाच ठणकतेय. या बुटाचं काहीतरी करायला हवं.

२७ ऑक्टोबर
आज चौथा पुन्हा, शिवाय नववा आणि अकरावा. नुसती बंदूक नाही, खांदा, मान, कंबर सगळं वळलंय. भिंगाखाली पाहिलं. पुट्टीला चीर नाही. माझ्या अंगठ्याचा ठसाही जसाच्या तसा. सकाळी तिघेही नीट केले. सूप प्यायला उठलो, अर्ध्या तासात परत आलो. लख्ख ऊन होतं. तिघे पुन्हा वळलेले.
भांडायचं कुणाशी? बशी फोडली.

२९ ऑक्टोबर
चौदा झाले. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मी कापतो, वळवतो, भरतो, वाळवतो. पाठ फिरली की सगळं पालथं. त्यांना चढायचंच नाहीये. सगळे एकीकडेच वळतायत.
सतराव्याकडे.

३१ ऑक्टोबर
बस्स, म्हटलं, याचं डोकंच उडवतो. मानेवर करवत ठेवली, एकदा ओढली. कॉलर ओली झाली. आरशात पाहिलं. माझ्या मानेवर केसाएवढी रेघ, रक्त.
मास्तरांना बोलावलं. त्यांनी भिंग मागून घेतलं आणि सतराव्याला पाहिलं. चेहरा दिलात? तुमचा? असं चार वेळा विचारलं. रिकाम्या जागेला चेहरा मिळाला की हजेरीत त्या चेहऱ्याला हाक येणार, म्हणाले. सकाळची बस धरा, हजेरीच्या आत गाव सोडा.
आन्चिलाबाईंनी चेष्टा केली नाही. गुपचूप आपला रुमाल माझ्या मानेला बांधला. त्याचीच जास्त भीती वाटली.

१ नोव्हेंबर
बस गेली.
टेबलापाशी हत्यारं गोळा करत होतो. डावी टाच उचलेना. मास्तर आणि बाईंनी दोन्ही बाजूंनी ओढलं. किंचाळलो. टाचेतून काहीतरी खाली गेलंय, फळीत, फळीखाली. सतराव्याला उपटायला गेलो तर तीच कळ, तीच जागा.
गादी इथेच आणून टाकलीय.

३ नोव्हेंबर
तेवीसच्या तेवीस. सगळ्या बंदुका त्याच्यावर.
मास्तर येऊन गेले. हजेरी थांबवता येत नाही, शंभर वर्षांत थांबली नाही, म्हणाले. उद्या त्या एका श्वासात काहीही ऐकू आलं तरी उत्तर देऊ नका. मृताला हाक असते ती. हजर म्हणाल तर जागा तुमची. तोंड दाबून धरा, श्वास सरला की सुटाल. हात धरून रडले. मीही.
एवढंच करायचंय. गप्प बसायचं. जमेल.

४ नोव्हेंबर
अंगणात गाव जमलंय. खिडकी लावलीय, तरी ऐकू येतंय. सकाळी कुणीतरी पट्टी ठोकून गेलं. चकचकीत. माझं नाव.

सुरू झालं. मास्तर नाव घेतात, गाव ओरडतं — हजर! दुसरं — हजर!

डावा हात तोंडावर. उजव्याने लिहितोय. लिहीत राहिलो की बोलणार नाही.

अकरा. बारा.

बंदुका खांद्याला लागल्या. डोळ्यांदेखत. हे चेहरे मीच केलेले — त्या बसक्या नाकाच्या डोळ्यांत पाणी आहे. ते मी केलं नव्हतं.

पंधरा. सोळा — हजर!

थांबले मास्तर. चिडीचूप.

आवाज. मास्तरांचा नाही. खोलीतून, डोंगरावरून, तेवीस जणांचा मिळून —

इव्हानो झानोल्ली.

नाही. नाही बोलणार.

इव्हानो झानोल्ली.

एवढं स्वच्छ. एवढ्या मोठ्याने. तीस वर्षांत कुणीही कधी — चारचौघांत — माझं नाव —

हात खाली आलाय. मी नाही काढला. की मीच —

पुन्हा घेतायत. किती मानाने घेतायत. सगळे वाट बघतायत. फक्त माझी —

एकदाच. हळूच. कुणाला ऐकूही जाणार नाही — ह