टाकीवरची पांढरी रेघ

अण्णा,

काल सकाळी दूध संस्थेच्या गाडीखाली पोतं अंथरून मी उताणी झोपले आणि मागच्या चाकांवरचे, गाडीचं ओझं झेलणारे कमानपाटे मोजले. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूलाही सहा, पण त्यातला तिसरा टोकाशी चिरलेला. या वयात मी गाडीखाली शिरणं आमच्या ड्रायव्हरीणबाईंना मुळीच पसंत पडलं नाही. ती एका सभासदाची सून. पिकअप चांगली चालवते आणि तोंड त्याहून चांगलं चालवते. ‘‘बाई, उठा की. रस्त्यानं लोक बघायलेत. सेक्रेटरी गाडीखाली सापडल्या म्हणून गावभर व्हईल.’’ मी म्हटलं, ‘‘होऊ दे. तू बॅटरी नीट धर.’’ तिने बॅटरी धरली, पण डोक्यावरचा पदर पुढे ओढून, म्हणजे माझी लाज तिने झाकून घेतली.

पाऊस यंदाही गेला. दुधाचे कॅन आता अर्धेच भरतात, त्यामुळे गाडीला दुपारी काम नसतं. गुरांच्या मुरघासाच्या गोण्या आणि पाण्याची टाकी याच गाडीवर आणायची असं मागच्या बैठकीत ठरलं. गाडी जुनी, मागून आधीच बसलेली. गेवराईच्या मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, दोन्हीकडं दोन-दोन पाटे वाढवतो. मग काय बी टाका, गाडी बसायची न्हाई.’’ मी फोन ठेवला. ‘मग काय बी टाका’ हे चार शब्द दिवसभर डोक्यात राहिले, आणि आज रविवार असल्यामुळे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पाटोद्याच्या रस्त्यावर तुमचं पाटे घडवायचं, पत्र्याच्या छपराचं दुकान जिथे होतं तिथे आता मोबाइलची दोन दुकानं आहेत. कडुनिंब मात्र आहे. त्याच्या बुंध्यात तुम्ही ठोकलेली साखळी अजून आहे, खोडाने ती निम्मी गिळली आहे.

त्या साखळीला तुम्ही पाटा टांगायचात. भट्टीत घालायच्या आधी प्रत्येक पाटा टांगून लहान हातोडीने हलकेच एक ठोका मारायचा आणि मान तिरकी करून ऐकायचं. धड पाटा घंटेसारखा वाजतो. आत चीर असली तर आवाज बसका येतो. मी कॉलेजातून सुट्टीला आले की मला उभं करून विचारायचात, ‘‘काय बी.ए.बाई, सांगा बरं, ह्यो जिता हाय का मेला?’’ माझं निम्मं चुकायचं आणि तुम्हाला त्याचा भारी आनंद व्हायचा. मोडलेला पाटा आला तर तो उन्हात नेऊन मोडलेलं तोंड दाखवायचात. अर्ध्या भागावर काळा गंज असेल तर चीर जुनी, म्हणजे पाटा आधीपासून आजारी होता. तोंड सगळं पांढरंशुभ्र चकाकत असेल तर पाटा निरोगी होता, ओझ्याने एका दमात मोडला. हे मी पाठ केलं होतं. पुढे ते उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

त्या दुष्काळात महिलांची दूध संस्था उभी राहून जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि मी तिची सेक्रेटरी होते. तालुक्यात दुसरी शिकलेली बाई मिळाली नाही म्हणून मला केलं असं लोक म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, कारण खरंच मिळाली नव्हती. संस्थेची गाडी म्हणजे जीपला मागे हौदा जोडलेली एक म्हातारी. तिच्यावर हजार लिटरची लोखंडी टाकी ठेवून सहा मैलांवरच्या विहिरीचं पाणी आणायचं मी ठरवलं आणि गाडी तुमच्या दारात उभी केली. तुम्ही आधी टाकीकडे पाहिलं, मग खाली वाकून धुऱ्याकडे, मग चाकांकडे. मी म्हणाले, ‘‘हजार लिटर म्हणजे हजार किलो. एका खेपेत निम्मं गाव होतं. पाटे वाढवून द्या.’’

‘‘पाटे वाढवीन मी,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘पर बिरेक वाढवणार हायेस का? धुरा? टायर?’’

‘‘अण्णा, लोकं तहानलेली आहेत.’’

‘‘तहानलेली हायेत म्हणूनच सांगतो. पाण्याचा हिशेब केलास, लई चांगलं केलंस. रस्त्याचा कुणी केला? गाडी ओझ्यानं मागं बसती ना, ती तिची बोली हाय. बास म्हणती. पाटे घातले की ती बोलायची बंद व्हती, ओझं हाय तितकंच ऱ्हातं.’’

मी तुम्हाला भित्रे म्हणाले. भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर. तुम्ही रागावला नाहीत, नुसतं भात्याला पाय लावला. तीन दिवस काम चाललं. झिजलेला मुख्य पाटा काढून तुम्ही नवा घडवलात, खाली दोन जादा पाटे बसवलेत, प्रत्येक थरात वंगण भरलंत आणि पट्ट्या आवळून रिकाम्या गाडीत चाक आणि हौदा यांच्यामध्ये बोटं घालून अंतर मोजलंत. मग स्वतः विहिरीवर आलात. बादली-बादलीने टाकी भरत तुम्ही ते अंतर पुन्हापुन्हा मोजत राहिलात, आणि पाणी पाऊण टाकीवर आल्यावर हात वर केलात. गाडी रिकामी करून टाकीच्या बाहेरून, त्या उंचीवर, रंगाने हातभर पांढरी रेघ ओढलीत. ‘‘ह्याच्या वर एक तांब्या न्हाई,’’ म्हणालात. मला म्हणालात आणि आमच्या ड्रायव्हरलाही, ज्यांना सगळे मामू म्हणत. मामूंनी कानाच्या पाळीला हात लावला.

पंधरा दिवस मी रेघ पाळली. पाऊण टाकीत गाव पुरत नव्हतं. शेवटची गल्ली आपलीच, आणि सेक्रेटरी असल्यामुळे मला तिथून सुरुवात करता येत नव्हती. पण खरं दुखणं दुसरं होतं. गाडी चावडीपाशी थांबली की अध्यक्षीणबाईंचे मालक काठी घेऊन यायचे. संस्था बायकांची होती, पण बोलायचं काम ते करत. ते काठीने टाकीवर ठोकायचे, खालून वर. खाली भरीव आवाज, रेघेच्या वर पोकळ. आणि सगळ्यांसमोर हसून विचारायचे, ‘‘काय सेक्रेटरीनबाई, वरचं पाणी वाटंत कुठं उतरवलं? तुमच्या वस्तीत का?’’ मी रेघ दाखवायची. ते म्हणायचे, ‘‘रेघ तर तुमच्याच बापानं वढली!’’ बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पंधरा दिवस रोज ऐकलं. सोळाव्या दिवशी मी विहिरीवर मोटर बंद करू दिली नाही. पाणी झाकणाला लागलं तेव्हा थांबवलं.

मामू टाकीकडे बघत उभे राहिले. ‘‘बाई, रेघेच्या वर गेलं पानी. अण्णा क्या बोलेंगे?’’

‘‘अण्णांना मी सांगेन. तुम्ही चला.’’

गाडी अजिबात बसली नव्हती. हेच मला आजही आठवतं. मी मुद्दाम मागे जाऊन पाहिलं, ती ताठ उभी होती आणि मला वाटलं, बघा, उगाच भीत होते. गावाआधीच्या उतारावर फरशी पुलाच्या तोंडाशी खड्डा आहे. मामूंनी ब्रेक दाबला, गाडी ऐकेना, डावं चाक खड्ड्यात आदळलं आणि मागून बंदुकीसारखा आवाज आला. गाडी तिरकी होऊन नाल्यात कलली. टाकीचं झाकण उडालं आणि सगळं पाणी दगडांवरून वाहून गेलं, मिनिटभरात. मामूंचं मनगट मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही. गावातून घागरी घेऊन बायका धावत आल्या, आणि काही जणी नाल्यातल्या खळग्यांतलं गढूळ पाणी भरू लागल्या.

तुम्ही सायकलवरून आलात. अजून माझ्या डोळ्यांसमोर आहात : सायकल झाडाला टेकवता, नाल्यात उतरता, चाकाशी उकिडवे बसता आणि मोडलेल्या मुख्य पाट्याचं तोंड अंगठ्याने पुसता. मी तुमच्या मागे उभी आहे. मला ते तोंड दिसतं. ते सगळं पांढरं आहे, गंजाचा ठिपकाही नाही. मग तुम्ही मान वर करून टाकीकडे बघता. ओल रेघ ओलांडून झाकणापर्यंत आहे. कडक ऊन आहे, तरी ती अजून वाळलेली नाही. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहता. मामूही माझ्याकडे पाहतात. मी रस्त्याकडे पाहते.

अध्यक्षीणबाईंचे मालक तेवढ्यात आले. ‘‘काय मिस्तरी, असलं काम करता व्हय? माणूस मेलं असतं की.’’

तुम्ही उठलात, हात धोतराला पुसलेत. ‘‘पाटा माझा हाय,’’ म्हणालात. ‘‘कच्चा निघाला.’’

बस, एवढंच. घरी आल्यावरही कधी विषय काढला नाहीत. मी काढेन म्हणून तुम्ही किती दिवस थांबलात, हे मला माहीत नाही. त्या वर्षी दसऱ्याआधी ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांचे ट्रक आणि ट्रॉल्या दरवर्षीसारख्या कडुनिंबाखाली रांगेत लागल्या नाहीत. पाटे तपासून घ्यायला पुढच्या गावात गेल्या. मिस्त्रीचा पाटा भर रस्त्यात मोडला ही बातमी गाडीच्या आधी पोचते. पुढच्या वर्षी तुम्ही भट्टी विझवलीत आणि गेवराईच्या हमरस्त्यावर, तुमच्याहून वीस वर्षांनी लहान माणसाच्या गॅरेजात हाताखाली लागलात. मी सेक्रेटरी राहिले. लोक म्हणाले, बाप असून तिने त्याची बाजू घेतली नाही, बाई कडक आहे. माझा कडकपणा तिथून सुरू झाला, असं लोक समजतात.

गेवराईहून एकदा बाजारच्या दिवशी आलात तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी माझ्या ओट्यावर ठेवलीत. ‘‘घे. भाजी चिर,’’ म्हणालात आणि चहा न घेता एसटीला गेलात. नवी विळी, पण पात्याच्या एका टोकाला लोखंड गोल वळलेलं होतं. पाटा जिथे वळून गाडीला अडकतो तो डोळा तुम्ही मुद्दाम तसाच ठेवला होता. मी ओळखला, नाल्यात मोडलेल्या त्याच पाट्याचा. त्या विळीवर मी आज सकाळीही शेपू चिरला. इतक्या वर्षांत तिला धार लावायची वेळ दोनदा आली असेल. टोळ्यांचे कोयते घडवताना तुम्हीच सांगायचात, कच्च्या लोखंडाला धार टिकत नाही. तुम्ही ती मला टोमणा म्हणून दिलीत की चांगलं लोखंड वाया जाऊ नये म्हणून, हे मी विचारलं नाही. आता वाटतं, लोखंड वाया जाऊ नये म्हणूनच दिली असावी. तुम्हाला टोमणे येत नसत.

काल दुपारी बैठक होती. मी सांगितलं, आधी ब्रेक आणि टायर, मग चिरलेला पाटा बदलायचा आणि दोन्हीकडे एकेकच वाढवायचा. टाकीवर रेघ. दोन खेपा करायच्या, एक दिवस वरच्या गल्लीपासून, एक दिवस खालच्या. एक जुनी सभासद, आता काठी टेकत येते, म्हणाली, ‘‘बाई, तुमच्या वडलाचा पाटा कच्चा निघालता, म्हणून तुमी भ्याल्यात. आताचं लोखंड तसलं न्हाई.’’

मी विळी पिशवीतून नेली होती. ती टेबलावर ठेवली आणि सांगितलं : पाटा कच्चा नव्हता, हा तोच. त्या दिवशी टाकी मी झाकणापर्यंत भरायला लावली होती, आणि ती लोकांच्या तहानेसाठी नाही, कुणी काठीने ठोकून हसू नये म्हणून.

मग म्हातारी म्हणाली, ‘‘मग तवा कावून बोलल्या न्हाईत?’’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘तवा बोलल्या असत्या तर खुर्ची ऱ्हायली असती व्हय?’’ हशा झाला. ड्रायव्हरीणबाईने विळी उचलली, बोटाच्या नखावर धार पाहिली आणि म्हणाली, ‘‘आयो, लई जिती हाय!’’ मग चहा आला. एवढंच, अण्णा. ज्यांच्यासमोर सांगायला हवं होतं त्यांतली आता दोघं-तिघं उरली आहेत. मामू गेले, ते काठीवाले मालकही गेले. निम्म्या बायकांचा त्या वेळी जन्म झालेला नव्हता. त्यांनी ती गोष्ट म्हणून ऐकली.

हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही, म्हणून राहिलेलं लिहून टाकते. बैठकीत हे सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. नाल्यात उभे राहून तुम्ही ‘कच्चा निघाला’ म्हणालात, तेव्हा मला वाईट वाटलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. वाईट नंतर वाटलं, दसऱ्याला, रिकाम्या कडुनिंबाखालून जाताना. त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं.