ज्याचं त्यानं बोलावं

बा, तू गेलास तेव्हा मी जव्हारच्या दरबारी कोर्टात नवा वकील होतो. आता दरबार राहिला नाही, संस्थान मुंबई राज्यात मिळालं, आणि मी आमदार झालो आहे. आमदार म्हणजे काय हे तुला कसं सांगावं, याचा सकाळी देवपूजेला बसल्यापासून विचार करतो आहे. जव्हार-मोखाड्याच्या सगळ्या पाड्यांच्या वतीने मुंबईच्या सभागृहात उठून बोलणारा माणूस, असं सांगितलं तर तू ‘वतीने’पाशीच मला थांबवशील.

सूर्यमाळेच्या डोंगरावर, आपल्या पाड्यात, तू पंच होतास. भांडण आलं की वाघदेवाच्या दगडापुढे सगळे बसत, आणि तिथे तुझा एकच नेम होता, ज्याचं त्यानं बोलावं. नवऱ्यानं बायकोचं बोलायचं नाही, भावानं भावाचं नाही. तापानं फणफणलेल्या माणसाला झोळीत घालून आणलेलं मी पाहिलं आहे. एकदा एका मुक्या बाईची तक्रार आली. दिरानं तिच्या घरातलं नागलीचं धान्य उचललं, असं सगळा पाडा म्हणत होता. तिचा भाऊ बोलायला उठला. तू म्हणालास, “खाली बस.” तो म्हणाला, “अरे, पण ती मुकी हाय.” “जीभ नाय. हात हायत ना?” मग ऊन डोक्यावर येईपर्यंत सगळे तसेच बसले. ती हातवारे करते आहे, चिडते आहे, मातीत बोटानं घर काढते आहे, दार काढते आहे, आणि तू विडी विझवून नुसता बघतो आहेस. मला भूक लागली आहे. शेवटी तिनं जे सांगितलं ते तिच्या भावालाही ठाऊक नव्हतं. नागलीचं तिला काही नव्हतं. दिरानं घरात शिरताना दाराशी खाकरावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मोखाड्याच्या शाळेत जेवढं होतं तेवढं शिकून मी जव्हारच्या कचेरीत कारकून झालो, पुढे कायद्याची पुस्तकं वाचून दरबारची सनद मिळवली. ती बातमी सांगायला घरी आलो तेव्हा तू नांगराचा फाळ बसवत होतास. वर न बघता म्हणालास, “तुझा पोट दुखला तं औषध दुसरा पिल काय?” आई हसली. मीही हसलो, पण ते मला लागलं.

तरी तू एकदा कोर्टात आलास, डोंगरावरून चालत, फडक्यात भाकर बांधून. मागे जमिनीवर बसलास, वाघदेवापुढे बसतोस तसाच, मुंडासं काढून मांडीवर ठेवून. त्या दिवशी दोन शेजाऱ्यांच्या बांधावरच्या एका मोहाच्या झाडाचा दावा होता. माझा पक्षकार माझ्या बाजूला हात जोडून उभा, आणि मी बोलतो आहे. हद्द, वहिवाट, साक्षी, सगळं नीट मांडलं. झाड आमच्या बाजूला मिळालं. बाहेर आल्यावर तू म्हणालास, “चांगला बोललास.” मला फार बरं वाटलं. मग तू त्या पक्षकाराकडे वळलास. “काय रे, तुझा काय सांगना होता?”

तो म्हणाला, “माझा काय? फुला अर्धी अर्धी करू, असा होता. त्याच्या पोराला माझी पोर द्यायची हाय.”

“मंग बोलला का नाय?”

“कोणी इचारलाच नाय. आनि वकील बोलत होता, तो ऐकाया चांगला वाटत होता.”

त्याचा मला अजून उलगडा होत नाही. तो रागावला नव्हता. त्या हंगामात त्यानं सगळी फुलं वेचली आणि निम्मी आपणहून व्याह्याच्या अंगणात नेऊन ओतली. लग्नही झालं. माझ्या बोलण्यानं काही बिघडलं नाही, पण मी गप्प बसलो असतो तरी हेच झालं असतं. मग त्या दिवशी मी तिथे नक्की काय केलं? ते मी तुला विचारलं नाही. असे दावे चालवण्यात माझी पुढची सगळी वर्षं गेली, आणि लोक मला मोठा वकील म्हणू लागले.

आता सरकारच्या मनात आहे की सूर्यमाळेवरचे विखुरलेले पाडे उठवून खाली रस्त्याकडेला एके ठिकाणी वसवावेत. तिथे विहीर देतील, शाळा देतील. उन्हाळ्यात वर पाण्याची काय दशा होते ते तुला सांगायला नको. सभागृहात बोलण्याआधी मी वर गेलो, वहाणा काढून दगडाला हात लावला आणि म्हणालो, ज्याचं त्यानं बोला. एक सून म्हणाली, “उद्या नेतात तं आजच नेवा.” एका म्हाताऱ्यानं विचारलं, “देव कोण उचलील? सरकार?” दुसरी बाई म्हणाली, “पाणी वर आना ना. ते जड, आनि आमी हलकी काय?” एकाचं दुसऱ्याशी जुळेना. सगळ्यांचं झाल्यावर एक आजी उठली. “आमचा झाला. आता मुंबईला कधी निघायचा?” मी म्हणालो, जाणार मी. तुम्हाला तिथे बोलता येत नाही. ती म्हणाली, “मंग तुला निवडला कशाला? आमाला वाटला, तुला तिथली वाट ठाव, तू आमाला नेशील.” मागून एक जण म्हणाला, “आजे, वाटाड्याच एकटा पोचला.” सगळे हसले. मीही हसलो.

सभागृहात मी माझं भाषण केलं नाही. सुनेचं, म्हाताऱ्याचं, त्या बाईचं, जसं ऐकलं तसं एकामागून एक सांगितलं. काही सभासद हसले. अध्यक्ष सौजन्यानं म्हणाले, “सन्माननीय सभासदांनी सर्वांचं सांगितलं. त्यांचं स्वतःचं मत काय?” मी वेळ मागून खाली बसलो. पुढल्या आठवड्यात हा विषय पुन्हा येईल, आणि तिथे हो किंवा नाही, एवढंच चालतं. तुझा नेम मी पाळला की मोडला? माझं घर जव्हारात आहे, ते हलायचं नाही. ज्याचं घर हलायचं नाही, त्याचं यात स्वतःचं असं काय असतं? आणि काहीच नसेल, तर तिथे हात कोणाचा वर करायचा? रोज देवापुढे बसतो. उत्तर येत नाही, किंवा येतं आणि मला ऐकू येत नाही.

हा कागद पाठवायचा कुठे, आणि तुला वाचता तरी कुठे येत होतं. पण एक गोष्ट अजून कोणाला बोललो नाही, ती तुला सांगतो. मला वाटतं त्यांनी खाली यावं. पाण्यासाठी तसं वाटतं म्हणावं, तर ते खोटं नाही. पण ते वर आहेत तोवर मी खाली निघून आलो हे दिसत राहतं, आणि ते मला नको आहे.