मजल्यामजल्याचा स्वयंपाक

३ ऑगस्ट २००४, साखरा
टायफॉईड उतरला, पण ह्यांचं जेवण सुटलं ते सुटलंच. भाकरी समोर नेली की तोंड भिंतीकडे. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा ॲडमिट. पेज, मऊ भात, वरण, सगळं झालं. अंगणवाडीत गावची लेकरं भरवते मी, आणि घरचा एक म्हातारा मला हरवतो. आधी चिडले, मग रडले.

५ ऑगस्ट
नवी सून मीना पदर सावरत म्हणाली, "आत्याबाई, मी काई करून बघू का?" तिचे वडील हैदराबादला एका अपार्टमेंटचे वॉचमन. आई वरच्या घरांत स्वयंपाकाला जायची. तिच्याजवळ बसून शिकली असेल. अख्खे मूग वाटून तव्यावर हिरवागार डोसा घातला. "ह्यो पहिल्या मजल्याचा. तेलुगू लोकं राहतेत." ह्यांनी अर्धा खाल्ला. अर्धा!!

८ ऑग.
दुसरा मजला. केरळ. पोरीने देवाच्या नारळाची करवंटी घेतली, भोक पाडलं आणि कुकरच्या शिट्टीच्या जागी बसवली. आत तांदळाचं पीठ नि खोबरं. उपडी केली तर पांढराशुभ्र घुमट! मी खुळ्यासारखी बघतच राहिले. ह्यांनी केळ्याशी कालवून खाल्लं. वर विचारतात, "उद्या कोनता मजला?"

११ ऑग.
तिसरा, बंगाली. मोहरी चक्क वाटली. फोडणीत चिमूटभर घालायची वस्तू, ती वाटून वांग्याला! मी म्हटलं, "अगं, मारतीस का त्यायला?" पहिल्याच घासाला ह्यांच्या नाकाडोळ्यांतून धारा. मग म्हणाले, "चव लागली गं. बराबर लागली." देवा.

१४ ऑग.
आज ह्यांनी तिला विचारलं, "तळमजल्याला काय शिजायचं गं, पोरी?"
आतून आवाज आला, "तळमजल्यात आमीच की, मामंजी. आई वरचं उरलेलं डब्यात आनायची. थंडगार. जिभेवरून वळखायची मी, कशात काय पडलंय ते."
"आन् वर जाऊन बघितलं न्हाई?"
"लेकरायला वर येऊ देत नव्हते."
म्हणजे एकही पदार्थ होताना तिने पाहिला नाही. नुसत्या शिळ्या घासावरून सगळं... ती करवंटी? "आईला इचारत इचारत." अशी जीभ मी जन्मात पाहिली नाही.
ह्यांनी ताट सरकवलं. "इथंबी ती मागूनच जेवती ना? उरलेलं?"
आमच्यात बायका मागूनच जेवतात.

१५ ऑग.
चौथा मजला, राजमा-भात. हे ताटाला हात लावेनात. "आगुदर ती जेवंल, मंग मी."
मीना घाबरली. "सासऱ्याच्या आधी? पाप लागंल मला."
समजावलं दोघांना. हे हट्टी, ती त्याहून. बरा होत आलेला माणूस पुन्हा उपाशी बसला. जीव वरखाली होऊन राहिला माझा.
शेवटी तिचं ताट वाढलं, शेजारी माझं. लग्न झाल्यापासून ह्यांच्या आधी घास घेतला नव्हता. आज घेतला. वाफाळता राजमा, जीभ पोळली. इतकी चव असते होय ह्याला?
"बस गं," म्हटलं.
बसली. भात कालवला तिने. घास उचलला, ह्यांच्याकडे बघत तसाच हातात धरला, आणि मग तोंडात घातला. ह्यांनी आपलं ताट ओढून घेतलं.