कोठारामागची जागा

श्रीयुत व्हर्लिन,

साष्टांग नमस्कारासाठी आता कंबर वाकत नाही. हा उभ्याउभ्याच घे.

घटस्फोटात आपला राहायचा, गाडीमागे ओढायचा ट्रेलर तुझ्याकडे गेला. मी एक जुना विकत घेतला, पिकअपला जोडला आणि नेब्रास्कात डेलमार-नोरीनकडे गेले. मित्र तरी माझ्या वाट्याला उरलेत का, एवढंच पाहायचं होतं.

दर उन्हाळ्यात आपण त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी ट्रेलर लावायचो. या वेळी डेलमार हातवारे करत मला मागे मागे नेत राहिला, तो थेट धान्याच्या कोठारामागे.

"अरे, आता शेजारचं आयोवा राज्य लागेल! इथे कशाला?"

"सावली बरी आहे, आर्डिथ."

नजर पोचेल तिथवर एकही झाड नव्हतं.

नोरीनला मात्र खोटं बोलणं कधी साधलं नाही. कॉफी देताना म्हणाली, "अगं, उद्या दुपारी व्हर्लिन येतोय, तिला घेऊन. तू सकाळीच निघशील ना? रागावू नकोस हं."

"छे गं! मित्रांची वाटणी करायचं न्यायाधीशच विसरले, त्यात तुझा काय दोष?"

ती हसली. हसून इतकी मोकळी झाली की मलाच वाईट वाटलं.

सकाळी गावाबाहेर पडले तर समोरून आपला ट्रेलर आला. लवकरच निघाला होतास. ट्रेलरवाले रस्त्यात एकमेकांना हात करतात, ओळख असो वा नसो, मीही केला. तूही केलास, अगदी तोंडभर हसून. तिनेही केला.

इतक्या प्रेमाने तू माझ्याकडे बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतंस.

समोरून गेलेली,
आर्डिथ