अहो दादा

३ ऑगस्ट
ती. काकांना टिटवीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. तब्येत ठणठणीत आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही. आशियाई भाषांचा हा अभ्यासक्रम घेतला तेव्हा वाटलं, दोन-चार लिप्या गिरवल्या की झालं. पण कोरियन बोलायचं तर समोरचा थोरला की धाकटा हे ठरल्याशिवाय क्रियापद पुरं करता येत नाही. जावानीजमध्ये मित्र जेवतो तो शब्द वेगळा, वडीलधारे जेवतात तो वेगळा, आणि त्यांच्यापुढे आपलं जेवण सांगायचं तर तिसराच. काल मी बाईंना मित्राच्या शब्दात जेवायला बोलावलं. वर्ग अजून हसतोय.

त्यांनी आता आपापल्या घरात कोण कोणाला तू म्हणतं नि कोण तुम्ही, याचा तक्ता करायला सांगितलाय. मी तुमच्यापाशी अडकले. आत्या बाबांना अरे दादा म्हणते. तुम्ही त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान, तरी अहो दादा. असं का? बाबांनाही हेच विचारलंय.

काकूला नमस्कार. कान उपटायचा हक्क राखून ठेवा.
तुमची टिटवी

११ ऑगस्ट
चि. टिटवीस अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या बाईंना दुसरा उद्योग नाही का? काकू म्हणाली, पोरीने विचारलंय तर सांगून टाका. म्हणून लिहितो.

दादाने दवाखाना काढला, तेव्हा मी त्याचा कंपाउंडर झालो. पहिल्याच आठवड्यात पडद्याआडून ओरडलो, अरे दादा, खोकल्याचं औषध संपलं, तू काल का नाही सांगितलंस? बाकावरचे पेशंट फिदीफिदी हसले. दादाने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, इथे जरा अहो म्हणत जा. त्याचं बरोबरच होतं. पण घर दवाखान्याच्या वरच. इथे म्हणजे कुठपर्यंत? जिन्याच्या कितव्या पायरीवर अहो सोडायचं नि अरे धरायचं? चार दिवस माझी जीभ अडखळली. मग वरही अहोच म्हणू लागलो. त्याने कधी नको म्हटलं नाही. म्हणजे त्याला तेच हवं असणार.

दोन वर्षांपूर्वी दवाखाना सोडून या गावी औषधाच्या दुकानात आलो, तेही त्यामुळेच असेल. नीट सांगता येत नाही.

जेवत जा वेळेवर, कुठल्याही शब्दाने.
काका

१९ ऑगस्ट
चि. टिटवीस आशीर्वाद.

पत्र मिळाले. तुझ्या काकाने मला अहो म्हणायला सुरुवात केली, ती त्याच्या लग्नाच्या सुमारास. मला वाटले, आता त्याचे घर वेगळे झाले, मी परका झालो. मानाने बोलणाऱ्या माणसाशी भांडायचे कसे? मीच कधी काही बोललो असेन, तर आठवत नाही.

हात कापतो, म्हणून येत्या पंधरा तारखेला दवाखाना बंद करतो आहे. सर्वांना छापील पत्रे धाडली. त्यालाही तेच गेले, ‘आपण अवश्य यावे’ असे. सख्ख्या भावाला ‘आपण’ लिहिताना मला कसेसेच झाले, पण ‘तू’ लिहायचा धीर झाला नाही.

प्रकृतीला जप. आमच्या काळजीत भर घालू नकोस.
बाबा

२५ ऑगस्ट
ती. काकांना सा. न. वि. वि.

मी एक आगाऊपणा केलाय. तुमचं पत्र न विचारता बाबांना पाठवलं, आणि त्यांचं यासोबत तुम्हाला पाठवतेय. बरं केलं की वाईट, मलाच कळत नाही. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, व्याकरण नियम सांगतं, तो मोडायची वेळ सांगत नाही. बाबा वाट पाहताहेत की रागावलेत, त्यांच्या पत्रावरून मला ओळखता येत नाही. तुम्ही मात्र जा.

रागावलात तरी चालेल, पण पत्रातून रागवा.
टिटवी

१७ सप्टेंबर
चि. टिटवीस आशीर्वाद.

गेलो होतो. दिवसभर माणसं येत होती. दादा नि मी कपाटं रिकामी करत होतो आणि मी ना तू म्हणत होतो, ना तुम्ही. हे कुठे ठेवायचं? चहा घ्यायचा का? आता निघालं पाहिजे. अशी सगळी बिनमाणसांची वाक्यं. दादाही तसाच बोलू लागला. कोणी ऐकलं असतं, तर म्हणालं असतं, दोघांनाही भाषा नीट येत नाही.

शेवटचा माणूस गेल्यावर दादाने दार लोटून घेतलं. म्हणाला, “मला एक शिवी दे. शिवीत अहो-जाहो बसत नाही.” मी नाही म्हटलं. तो अडूनच बसला. मला घाम फुटला गं. पन्नाशी उलटलेला माणूस मी. शेवटी डोळे मिटून म्हणालो, “गाढव आहेस तू.”

दादा हसला नाही. तपासायच्या खाटेवर बसून राहिला, चष्मा काढून पुसत. मला वाटलं, चुकलंच. मग तो म्हणाला, “आणखी एकदा म्हण.”

आता काकू विचारते, मोठ्या भावाला गाढव म्हणून आलात आणि एवढे खुशीत कसे? तिला काय सांगू, ते तुझ्या बाईंना विचारून कळव.
काका